वरून ओतलेलं पाणी

रंगनाथा,

तुला जाऊन पंधरवडाही झालेला नाही. हर्सूलच्या तुझ्या घरी अजून माणसं येताहेत. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, त्याच्या एका बाजूला बुद्ध, आणि आता दुसऱ्या बाजूला तू. पोरानं कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तू इतका रागानं बघतोयस की वाटावं, फोटोवाल्यानं तुझी सायकल चोरली असावी. ते बघून मला हसू आलं आणि माणसं बघताहेत हे लक्षात आल्यावर मी तोंड फिरवलं.

त्याच गर्दीत तुझ्या बायकोनं, कडूवहिनींनी, मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं. हातात चहाची गाळणी होती, ती तशीच धरून त्यांनी विचारलं, "भाऊजी, एक खरं सांगा. हे पाण्याला भेले व्हते का?"

त्यांनी हे का विचारलं ते मला माहीत होतं. आदल्या दिवशी आपल्या चर्चच्या मंडळीतले लोक सांत्वनाला आले होते. त्यातले एक पंच, मनानं चांगला माणूस, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "रंगनाथराव मनानं आमचेच होते. फक्त शेवटपर्यंत पाण्याला भ्याले. बाप्तिस्मा घ्यायचं धाडस झालं नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या. मीही तिथंच बसलो होतो. मीही मान हलवली की काय, ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच मला भीती वाटते.

"हा माणूस जेलात गेला," वहिनी म्हणाल्या, "जन्मभर भट्टीपुढं उभा राहिला. तो पाण्याला कसा भेल? तुम्ही सोबत व्हते. तुम्हाला ठाव असंल."

"नाही भ्याला, वहिनी," मी म्हटलं.

"मंग?"

"सांगतो."

पण सांगितलं नाही. चहा घेतला, चपला शोधल्या आणि निघून आलो. आयुष्यभर तेच करत आलोय.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. नव्या पाळकांना मी विचारलंय की भाकर मोडण्याआधी मला थोडं वाचू द्या. ते तरुण आहेत, त्यांना वाटलं असेल म्हाताऱ्याला साक्ष द्यायची आहे. साक्षच आहे म्हण. वहिनींनाही मी बोलावलंय. त्या म्हणाल्या, "मी तुमच्या चर्चमधी येऊन काय करू?" मी म्हटलं, "फक्त ऐका." म्हणून हे लिहितोय ते तुला, पण ऐकणार आहेत ते सगळे. तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी त्यांच्यासाठी सांगाव्या लागतील. तू मधे बोलू नकोस. तुला मधे बोलायची सवय आहे.

पहिली गोष्ट सगळ्यात सोपी आणि माझ्या तोंडून कधीच न निघालेली. आपल्या दोघांचे आजे बिडकीनकडच्या एकाच गावचे, एकाच महारवाड्यातले. माझ्या आजोबांनी मिशनच्या साहेबाकडून बाप्तिस्मा घेतला आणि ते शहरातल्या कंपाउंडमध्ये आले. तुझे आजोबा गावात राहिले आणि तुझ्या वडिलांनी पुढं बुद्धाची दीक्षा घेतली. तू हे कुणालाही हसत सांगायचास, "शमूचा आजा आमच्या म्होरं निघाला, पण पोचला तिथंच." मी तुला डोळ्यांनी दटावायचो. कारखान्यात मी सॅम होतो. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचो, आम्ही मिशनचे. जणू मिशन हे एखादं गाव आहे आणि आमची माणसं तिथंच जमिनीतून उगवली.

चिकलठाण्याला कारखाने वाढत होते तेव्हाची गोष्ट. माळावर नुसते पत्र्याचे शेड आणि धूर. आपण दोघं एकाच दिवशी भट्टीवर लागलो. रविवारी दुसरी पाळी असली की तू मला घ्यायला देवळापाशी, म्हणजे आमच्या चर्चपाशी, यायचास आणि बाहेर सायकलवर पाय टेकून माझी वाट बघायचास. एकदा ऊन इतकं होतं की तू आत येऊन दारापाशी चपलांजवळच्या शेवटच्या बाकावर बसलास. त्या दिवशी पाद्रीसाहेब तो भाग वाचत होते, प्रभू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि खाली बसून शिष्यांचे पाय धुतो.

आपण कामावर निघालो. जालना रोडला लागल्यावर विचारलंस, "शमू, ते खरं हाय का? गुरू खाली बसला अन् चेले वर?"

"हो."

"अन् पाणी त्यानंच आणलं?"

"तसं लिहिलेलं नाही. पण आणलं असेल."

"मंग इतक्या दिवसांत सांगितलं कामून नाय?"

"तू विचारलं नाहीस."

"येडा का खुळा? ही सांगायची गोष्ट हाय, विचारायची नाय."

तेव्हापासून तू आत बसायला लागलास. शनिवारी दुपारी देवळामागच्या लिंबाखाली पाद्रीसाहेब बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यायचे, तिथंही आलास. तू काहीही मुकाट्यानं मान्य केलं नाहीस. नोहाच्या जलप्रलयावर तू त्यांना अडवलंस, "माणसांनी पाप केलं ते ठीक, पण जनावरांनी काय केलं व्हतं साहेब?" पाद्रीसाहेब हसून म्हणाले, "रंगनाथ, हे देवाला विचार." तू म्हणालास, "विचारायलो की, तुमच्यामार्फत."

त्यांनी आपल्याला शिकवलं होतं की बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात जुना माणूस पुरायचा आणि नवा वर काढायचा. ते दार आहे, घर नव्हे. आत आल्यावर राहायला शिकावं लागतं. मी हे लहानपणापासून ऐकत आलो होतो, त्यामुळे मला ते ऐकूच येत नव्हतं. तुला ऐकू आलं. तुझा राग किती होता ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. एक दिवस कडूवहिनी मला म्हणाल्या, "तुमच्या देवानं एक काम केलं भाऊजी. ताट फेकणं थांबलं. आता रागावले की उठून भाईर जातात अन् सायकल पुसतात. सायकल लई चमकायलीय." मंडळीत आध्यात्मिक वाढीवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्या चमकणाऱ्या सायकलीएवढी समजलेली एकही नाही.

ऑगस्टमधला शेवटचा रविवार तुझ्या बाप्तिस्म्यासाठी ठरला. साक्षीदार म्हणून तुझ्याशेजारी मी उभा राहणार होतो.

आणि मधेच विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला.

तुझ्या मावशीच्या गावी घरं जाळली. मावशी एक बोचकं घेऊन तुझ्याकडं आली, त्यात जळक्या वासाची एक गोधडी होती. कारखान्यात दोन्हीकडची माणसं एकाच भट्टीवर काम करत होती. जेवायच्या सुट्टीत कुणी कुणाशी बोलेना. भट्टीबाहेर एक मोठा माठ होता. सगळे आपापल्या हातानं त्यात पेला बुडवून प्यायचे, कधी कुणी बघितलं नाही की कोण आधी, कोण नंतर. त्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा माठापाशी तात्या उभा होता. तात्या आपल्याच पाळीतला, तुझ्याबरोबर बिडी ओढणारा. त्याच्या हातात लोटा होता आणि पेला माठाच्या झाकणावर ठेवलेला.

तू पेल्याला हात घालणार तेवढ्यात तो म्हणाला, "ओंजळ कर रंगनाथ, मी ओततो."

"कामून? हात मोडले का माझे?"

"कर रे. सध्याचे दिवस असे हायत. उगं वाद नको."

भट्टीवरून आलेल्या माणसाला तहान कशी असते ते तुला मला ठाऊक आहे. तू माझ्याकडं एकदा बघितलंस. मग वाकलास, ओंजळ केलीस आणि त्यानं वरून पाणी ओतलं. तुझ्या कोपरांवरून निथळून ते धुळीत पडलं. त्यानंतर त्यानं पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या सॅमभाऊ. तुमचं काय, तुम्ही मिशनचे."

मी प्यालो, रंगनाथा. सगळा पेला प्यालो.

तू हात पँटीला पुसलेस आणि आत गेलास. तू दुसऱ्या दिवसापासून मॅनेजरच्या मागं लागलास आणि भट्टीपाशी नळ बसवून घेतलास, हे सगळ्यांना माहीत आहे. तात्याशी तू भांडलास आणि कालांतरानं पुन्हा बिडीही ओढलीस, हेही. "माफ केलं," तू म्हणायचास, "पण माठ फोडल्यावर." मला मात्र तू त्या पेल्याबद्दल कधीच काही म्हणाला नाहीस. तो पेला अजून माझ्या हातात आहे असं मला कितीदा वाटलंय.

बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात आपण लिंबाखाली बसलो होतो. पाद्रीसाहेबांनी रीत समजावली होती. तू गुडघे टेकायचे, मान वाकवायची, ते वाटीतून तीनदा डोक्यावर पाणी ओततील, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. ते गेल्यावर तू जमिनीवरच्या लिंबोळ्या एकेक करून बाजूला सारत होतास.

"शमू, एक काम कर. पाद्रीसायबाला सांग, मला पाणी पायजे. पण वरून नको."

"म्हणजे?"

"माझ्या बापानं जन्मभर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं. तुझ्या आजानं बी. मी परवा घेतलं. आता देवाच्या दारात बी वाकून वरूनच घ्यायचं?"

"अरे, माठाचं पाणी आणि बाप्तिस्म्याचं पाणी एक आहे का?"

"वतणाऱ्याला नसंल. ज्याच्यावर पडतं त्याला एकच असतंय." मग तू समजावल्यासारखं म्हणालास, "हर्सूलच्या तळ्यावर जाऊ. मी उतरतो. पाद्रीसायब उतरतील. तू बी उतर माझ्यासंगं. तिघं बी वले होऊ. तो न्हाय का खाली बसला पाय धुवायला? तसंच. देणारा अन् घेणारा एकाच पाण्यात. मंग मला जितका बुडवायचा तितका बुडव."

यात न समजण्यासारखं काय होतं? पाद्रीसाहेबांना मी सांगितलं असतं तर ते कदाचित पायजमा वर करून तळ्यात उतरले असते. तसा माणूस होता तो. पण तुझं म्हणणं पंचांच्या बैठकीत मांडायचं तर मला वरून ओतलेल्या पाण्याबद्दल बोलावं लागलं असतं. 'त्याच्या बापानं, माझ्या आजानं' असं म्हणावं लागलं असतं. त्या बैठकीत बसलेल्या बहुतेकांचे आजे तसेच होते, आणि आम्ही सगळे एकमेकांशी मिशनचे म्हणून बोलत होतो. बाहेर गावं जळत होती, आडनावं विचारली जात होती, आणि मला माझं मिशन सोडायचं नव्हतं.

म्हणून बैठकीत त्यांनी साक्षीदार म्हणून मला विचारलं, रंगनाथची तयारी झाली का, तेव्हा मी म्हटलं, "तो म्हणतो, विद्यापीठाला नाव मिळाल्याशिवाय मी बाप्तिस्मा घेणार नाही."

सगळ्यांना ते पटलं. एक जण म्हणाले, "राजकारण डोक्यातून गेल्याशिवाय आत्मा येत नाही." पाद्रीसाहेब नुसते म्हणाले, "मग थांबू. दार उघडंच आहे." आणि तुला मी काय सांगितलं? "पंच म्हणाले, आपल्या मंडळीत बुडवायची रीत नाही." दोन्हीकडं दोन खोटी. तो रविवार आला आणि गेला. पाद्रीसाहेबांची बदली झाली.

मंडळीतल्या भावांनो, बहिणींनो, तुम्ही ज्याला भित्रा म्हणता त्याची गोष्ट ही एवढीच आहे. त्यानं पाणी मागितलं होतं. तुमच्यापर्यंत ते मागणं मी पोचू दिलं नाही.

तू रागावून जाशील असं मला वाटलं होतं. गेला असतास तर बरं झालं असतं, मी सुटलो असतो. तू मोर्च्याला गेलास, हर्सूलच्या जेलात राहून आलास. जेल तुझ्या घरापासून हाकेवर. वहिनी म्हणायच्या, "काय न्हाय, कामावरून घरी यायला थोडा उशीर झाला." आणि सुटल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तू चपलांजवळच्या बाकावर येऊन बसलास. देवळाबाहेर मला म्हणालास, "सलाम, शमू." तू मला कायम आमचा, ख्रिस्ती माणसांचा, सलाम केलास. कारखान्याच्या गेटवर तुझे लोक जयभीम म्हणायचे, तेव्हा मी घड्याळात बघायचो.

पुढं मी पंच झालो. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट आणि प्याले बाकाबाकावरून फिरवायचं काम माझ्याकडं आलं. बाप्तिस्मा न झालेल्याला द्यायचं नाही हा नियम. शेवटच्या बाकापाशी आलो की मी ताट थोडं उंच धरायचो. आणि तू, मला पलीकडं जाता यावं म्हणून, गुडघे बाजूला घ्यायचास. दर वेळी. बसमध्ये आपण एखाद्या म्हाताऱ्याला वाट देतो तसे. कधी मान खाली घातली नाहीस, कधी उठून गेला नाहीस. मी पलीकडच्या माणसाला भाकर द्यायचो आणि म्हणायचो, "हे माझं शरीर आहे, ते तुमच्यासाठी दिलं आहे."

आणि बाप्तिस्म्याचं पाणी कोण आणायचं? नळाला पाणी कधी येईल याचा या शहरात कधीच भरवसा नव्हता. तुझ्या घराजवळ हातपंप होता. कुणाचा बाप्तिस्मा असला की तू सायकलला कॅन लावून पाणी घेऊन यायचास. माझ्या नातीच्या बाप्तिस्म्याला उन्हाळा होता. तू कॅनभोवती ओलं पोतं गुंडाळून पाणी आणलंस. "पाणी तापलं की लेकरू रडतंय," म्हणालास, "अन् नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो." नातीच्या कपाळावर तुझ्या सायकलीवरून आलेलं पाणी पडलं. ती रडली नाही. तू मागून मला हातानं खूण केलीस, बघ म्हणून.

नातीच्या आधी, पण त्या बैठकीनंतर बऱ्याच वर्षांनी, विद्यापीठाचं नाव बदललं. तू पेढे घेऊन देवळात आलास. तेव्हाचे पाळक नवे होते, पण मागच्या पंचांनी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. ते आनंदानं तुझ्याकडं आले, तुझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "रंगनाथराव, आता तरी?"

"आता तरी काय, साहेब?"

"नाव झालं की. तुमची अट पुरी झाली. आता बाप्तिस्म्याला काय हरकत?"

तू हातातला पेढ्यांचा पुडा तसाच धरून माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. भट्टीतला तुकडा लाल झाला की नाही ते तू एका नजरेत ओळखायचास, तसंच ते बघणं होतं. मला वाटलं, आता हा बोलणार. माझी बायको शेजारी होती, सगळे पंच होते.

"व्हय साहेब," तू म्हणालास. "बघू. इतकी वर्षं थांबलो, अजून थोडं."

मला वाचवायला तू हे बोललास, आणि तुझ्या त्या उत्तरावरूनच लोक म्हणायला लागले की अट बिट काही नव्हती, हा पाण्याला भितो. वहिनी, त्या शब्दाचं मूळ हे आहे. माझं खोटं झाकायला त्यानं ते स्वतःवर घेतलं.

घरी जाताना सायकली हातात धरून आपण चालत होतो. तू म्हणालास, "लेका, कारण तर चांगलं दिलं व्हतंस. पोटात दुखतंय म्हणून नाय आला असं तरी नाय सांगितलंस."

मी म्हटलं, "रंगनाथा..."

"पेढा खा," तू म्हणालास. "नाव मिळालंय आज."

निवृत्तीनंतर आपण सकाळी हर्सूलच्या तळ्यावर फिरायला जायचो. तळ्याच्या बांधावर बसून तू शेंगा खायचास आणि टरफलं खिशात ठेवायचास. एका सकाळी मी धीर करून विषय काढला. म्हटलं, "त्या पलीकडच्या मंडळीत मोठा हौद बांधलाय. ते बुडवूनच देतात. पाळकही पाण्यात उतरतो. तू तिकडं का जात नाहीस? मी येतो सोबत."

तू तळ्याकडं बघत म्हणालास, "हौद कुठं बी मिळतो रे. मला तू पाण्यात उतरायला पायजे व्हतास."

तुझ्या आवाजात तक्रार नव्हती. समोर तळं होतं. माझ्या पायात चपला होत्या, त्या काढायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "ऊन झालं. चल." आणि तू उठलास.

तुला मी कधी विचारलं नाही की बाप्तिस्मा न घेता तुला आत कसं वाटायचं. तू आपणहून एकदाच बोललास. मी पंचांच्या थाटात म्हणालो होतो की पाण्याशिवाय दारातून आत जाता येत नाही. तू म्हणालास, "मी दारातच हाय की. तिथं बी वारा चांगला येतो. आतल्याला ठाव नसतंय, भाईर कोण उभं हाय. दारातल्याला दोन्ही दिसतंय." हा वाद आपला राहून गेला. मला अजून वाटतं की पाणी हवं. प्रभूनं स्वतः घेतलं ते उगीच नाही. पण ते हवं म्हणून मागणाऱ्याला आम्ही काय दिलं, हे विचारल्याशिवाय मला आता ते वाक्य म्हणता येत नाही. माझ्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी तान्हा होतो. पहिलं गीत संपायच्या आत ते वाळलं असेल. माझ्यावर पडलं आणि मुरलं तुझ्यात.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुला उठून बसता येत नव्हतं. ओठ कोरडे पडले होते. नर्सनं सांगितलं, चमच्यानं थोडं थोडं पाणी द्या. वहिनी घरी आंघोळीला गेल्या होत्या. मी खाटेशेजारी उभा राहून चमचा तुझ्या तोंडापाशी आणला. तू डोळे उघडलेस, चमच्याकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, आणि तुझ्या त्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं.

"शेवटी वरूनच पाजायलास की."

माझा हात थांबला. चमच्यातलं पाणी तुझ्या गळ्यावर सांडलं. मी रडायला लागलो, आणि तू मात्र चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडलंस. "घाल, घाल. तुझ्या हातचं हाय."

मी घातलं. तू प्यालास. मी बोलायला तोंड उघडलं, तर तू डोळे मिटून मान हलवलीस, राहू दे म्हणून. त्यामुळे जे बोलायचं होतं ते आज बोलतोय.

मंडळीतला एखादा भला माणूस आता म्हणेल की बघा, शेवटी बाप्तिस्मा झालाच की. नाही. ते तहानलेल्याला दिलेलं पाणी होतं. तुला तुझ्या लोकांनी तुझ्या रीतीनं निरोप दिला आणि ते योग्य झालं. तुझ्या नावावर मी आधीच एक खोटं लिहिलंय, आता गोड दिसतं म्हणून दुसरं लिहिणार नाही.

परवा सकाळी मी एकटाच तळ्यावर गेलो. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो. पाणी थंड होतं, तळाशी गाळ. मी काय करतोय ते मलाही नीट माहीत नव्हतं. पोटऱ्या बुडाल्या, गुडघे बुडाले, आणि मागून आरोळी आली.

"ओ चाचा! किधर जा रे? बाहर आओ पहले!"

तळ्याचा राखणदार काठी टाकून धावत आला. बूट न काढताच पाण्यात शिरला आणि माझं मनगट धरलं. "घर में कुछ टेन्शन है क्या? लडके बोले क्या कुछ? अरे, ऐसा नहीं करते इस उमर में."

मी म्हटलं, "नाही हो, जीव द्यायला नाही उतरलो. एका मित्राला शब्द द्यायचा राहिला होता."

"तो फोन करो ना उनको!"

आणि मी हसलो, रंगनाथा. तू गेल्यापासून पहिल्यांदा, गुडघाभर पाण्यात, एका अनोळखी माणसानं हात धरलेला असताना. त्याचेही बूट भरले होते. दोघंही ओले. तू असतास तर म्हणाला असतास, एवढंच तर मागितलं व्हतं.

कडूवहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. तुमचा माणूस पाण्याला भ्याला नाही. मी भ्यालो.

आता शेवटचं. या रविवारी ताट मी फिरवणार नाही. हे वाचून झालं की मी मागं जाऊन चपलांजवळच्या बाकावर तुझ्या जागी बसणार आहे. नवे पंच ताट घेऊन येतील. माझ्या मनात असं आहे की ते माझ्यापाशी आले की मी गुडघे बाजूला घेईन आणि त्यांना पलीकडं जाऊ देईन. एकदा तरी मला कळू दे, ते कसं वाटत होतं.

पण मला तुझा स्वभाव माहीत आहे. तिथं बसल्यावर मला ऐकू येईल, "घे की लेका. त्या बिचाऱ्याचा हात किती येळ अवघडून ठेवतो?"

ऐकू आलं, तर घेईन.

जयभीम, रंगनाथा.

तुझा,
शमू